छपरावरची स्वच्छता

१

इबादानच्या त्या गल्लीत रविवारी दुपारी बाबा ओगुनदेले वारले. गल्लीला धक्का बसला, पण तो त्यांच्या मरणाचा नव्हता. बाबांच्या घरात लाइट नव्हती, याचा होता.

गल्लीतला ट्रान्सफॉर्मर शुक्रवारी सकाळी जळाला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. तो वर्षातून दोनदा जळायचा आणि प्रत्येक वेळी लोक त्याच्याखाली उभे राहून आजारी नातेवाइकाकडे बघावं तसे बघायचे. पण बाबांचं घर वेगळं. छपरावर सहा सोलर पॅनेल, जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी. एरवी लाइट आली की तोंडात दात नसलेल्या म्हातारीपासून तोंडात दात न आलेल्या तान्ह्यापर्यंत सगळी गल्ली 'अप नेपा!' म्हणून आरोळी ठोकायची. नेपा नावाची वीज कंपनी कधीच इतिहासजमा झाली होती, आरोळी तेवढी मागे उरली होती. बाबांच्या घरातून मात्र गेल्या चार वर्षांत एकदाही ती उठली नव्हती. जिथे लाइट जातच नाही, तिथे ती आली म्हणून कोण ओरडणार?

ती बॅटरी बाबांनी हौसेने बसवली नव्हती. चाळीस वर्षं रेल्वेत स्टेशनमास्तरकी करून त्यांनी फुफ्फुसात इतका धूर साठवला होता, की आता चोवीस तास नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर चालायचं, बाबा मशीनवर चालायचे.

रविवारी नर्स उझो चर्चला गेली होती. "जा तू, देवाचं दर्शन घे, मी बसतो बाबांपाशी," असं थोरला मुलगा अदेलानी स्वतः तिला म्हणाला होता. तो बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. बॅटरी संपली. मशीन थांबलं. अदेलानी जागा झाला तेव्हा खोलीत जरा जास्तच शांतता होती. राखीव सिलिंडर भरायला दिलेला होता. तोही अदेलानीनेच नेला होता, बिचारा किती ठिकाणी पुरणार?

संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि कारण सांगितलं. "धूळ. हारमाटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ. मी आत्ताच वर जाऊन बघितलं. पॅनेलवर हा एवढा, बोटभर थर. त्यातून सूर्य येणार कुठून? आठवड्याला पॅनेल पुसायचं काम कुणाचं होतं?"

सगळ्यांनी उझोकडे बघितलं.

"हिनेच मारलं बाबांना!" अदेलानीची बायको बिसोये कडाडली. "पूर्वेकडची माणसं घरात घेऊ नयेत म्हणून मी कधीची सांगत होते!"

पोलिसांना शुक्रवारी बोलवायचं ठरलं, अंत्यविधी उरकल्यावर. दारात आधी पोलिसांची गाडी आणि मग शवपेटी, अशा क्रमाने फोटो चांगले येत नाहीत, असं बिसोयेचं म्हणणं पडलं. तोवर उझोला कोंडून ठेवायचं. पण पाहुणे तर दीडशे येणार होते. म्हणून तिला स्वयंपाकघरात कोंडलं.

२

सोमवारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. तिचं नाव बोलातितो; पण ते तिच्या आईखेरीज कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. सगळे तिला मॅडम मीटर म्हणत. एकतीस वर्षं ती घरोघर मीटर वाचत हिंडली होती आणि बिल थकवणाऱ्यांच्या तारा तोडत आली होती. ती गल्लीत शिरली की दारं बंद व्हायची, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची, घरात कुणी आहे असं वाटू नये म्हणून. दार उघडून 'बसा, पाणी घ्या' म्हणणारा माणूस एकतीस वर्षांत एकच भेटला. बाबा ओगुनदेले. निवृत्तीनंतर ती रोज संध्याकाळी त्यांच्याशी अयो खेळायला यायची. लाकडी पाटावर बारा खळगे आणि अठ्ठेचाळीस बिया. हरले की बाबा नाकातल्या नळीसकट चिडायचे.

"रडू नकोस," ती खिडकीतून म्हणाली. "कांदा चिरताना रडलीस तर कुणाला कळणार नाही, आणि नुसती रडलीस तर कबुली समजतील. पॅनेल शेवटचे कधी पुसलेस?"

"तीन आठवडे झाले, मॅडम."

"म्हणजे चूक तुझीच."

"हो." उझोने नाक ओढलं. "पॅनेल पुसले, त्याच फडक्याने पाण्याच्या टाकीचं झाकणही पुसलं. दुसऱ्या दिवसापासून शिडी कुलपात. अदेलानीसाहेब म्हणाले, चोर फार झालेत. मी तीनदा किल्ली मागितली. ते म्हणाले, बघू. चौथ्यांदा मागितली नाही. तीच माझी चूक. मॅडम, माझं नर्सचं लायसन्स गेलं तर गावाकडे भावंडांच्या शाळा—"

"लायसन्सचं काय घेऊन बसलीस? ते तुला चौदा वर्षं आत टाकतील."

मॅडम मीटरची धीर देण्याची पद्धत ही अशी होती.

"बॅटरी काय म्हणते?" तिने विचारलं.

"काहीच नाही. पार रिकामी झाली आणि तिने स्वतःला बंद करून घेतलं. उठवणारा इंजिनियर नाताळला गावी गेलाय. आता उन्हाने नाही, बाहेरून लाइट आली तरच उठेल, असा फोनवर म्हणाला."

"म्हणजे साक्षीदार एकच, आणि ती बेशुद्ध." मॅडम मीटरने साडेचार फुटांवरून छपराकडे बघितलं. "असू दे. मीटर बोलत नसेल तर मी आजूबाजूचं वाचते."

३

दुसरी शिडी मिळाली ती तळमजल्याच्या ओकॉनकडे. हा कलाबारकडचा भाडेकरू. दोन मोठे फ्रीझर ठेवून बर्फातली मासळी विकायचा. गल्लीत तीन दिवस लाइट नाही, आणि याची मासळी शुक्रवारपासून रविवारपर्यंत कडक होती. मॅडम मीटरने फ्रीझरच्या मागे हात घातला आणि एक काळी वायर बाहेर ओढली. ती भिंतीतून थेट जिन्याखाली गेली होती.

"ओकॉन, ही काय भानगड?"

"मॅडम, तुम्ही रिटायर झालात ना?" ओकॉन फ्रीझरच्या आड सरकला.

"नोकरीतून. स्वभावातून नाही."

"दोन वर्षं झाली," तो खाली बसत म्हणाला. "थोडी थोडी घेत होतो. रात्री नाही, दुपारीच. ऊन जास्त असतं तेव्हा. माझ्यामुळे गेले का हो बाबा? खरं सांगा. रविवारी वरती मशीन वाजत होतं, टीं टीं टीं, चांगली वीस मिनिटं. मला वाटलं, कुणाचा तरी फोन."

"वीस मिनिटं?"

"जास्तच. मी इथे खाली बसून वैतागलो."

मॅडम मीटरने वायर परत भिंतीत सारली. ओकॉन चोर होता, यात शंका नव्हती. पण गाईचं दूध चोरून काढणारा माणूस गाईला विष घालत नाही. तिच्या तब्येतीची काळजी मालकापेक्षा त्यालाच जास्त. तिच्या डोक्यात घर करून राहिली ती वीस मिनिटं. वीज गेली की मशीन आतल्या छोट्या सेलवर बोंबलायचं. खालच्या मजल्यावर वैताग आणणारा आवाज, आणि उशाशी बसलेल्या मुलाचा डोळा उघडला नाही.

मंगळवारी सगळे शवपेटीचं लाकूड निवडायला गेले, तेव्हा ती शिडीवर चढली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ओकॉनला खाली धरून. म्हणजे शिडी ओकॉनने धरली होती, आणि ओकॉनला भीतीने.

छपरावर सगळं एकाच रंगाचं होतं. पत्रे, अँटेना, विटेचा तुकडा, मेलेलं कबूतर, सगळं तांबूस. टाकीच्या झाकणावर तिने बोट फिरवलं; चर पडला. तीन आठवड्यांची धूळ, उझोच्या जबाबाशी तंतोतंत जुळणारी. मग ती पॅनेलकडे वळली.

सहाही पॅनेल नवरीच्या तोंडासारखे चकचकीत होते. वर पावडर होती, पण ती दोन दिवसांची, गालावर फिरवावी इतपतच.

"काय दिसतंय, मॅडम?" खालून ओकॉन ओरडला.

"गुन्हा," मॅडम मीटर म्हणाली. "फार स्वच्छ आहे."

४

खाली उतरायच्या आधी तिने आणखी दोन गोष्टी बघितल्या. पॅनेल कुणी पाण्याने धुतले असते, तर चिखलाचे ओघळ खालच्या पत्र्यावर उतरले असते. पत्र्यावरची धूळ अबाधित होती. फडक्याने पुसले असते, तर झटकलेली धूळ कडेला साचली असती. कडाही साफ होत्या. म्हणजे धूळ काढलेली नव्हती. ती पडलीच नव्हती. आणि एका पॅनेलच्या पकडीत एक दोरा अडकला होता. गडद निळा.

संध्याकाळी घरात येते तो बिसोये दिवाणखान्यात कापडाच्या ढिगात बसलेली. अंत्यविधीला सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे, दुःखालाही गणवेश असतो. यंदा रंग गडद निळा, अबेओकुटाचं नीळ घातलेलं आदिरे.

"या मॅडम, तुमचा पाच वारांचा तुकडा घेऊन जा," बिसोये म्हणाली. "आणि प्लॅस्टिक नाही म्हणून नाक मुरडू नका. मी सोमवारी दीडशे मागवले, ते आज सीलबंद आले. पण माणसं वाढली. मग यांनी कुठूनसे आणखी सहा पैदा केले. ते आम्ही..." ती जरा अडखळली.

"आमच्यासारख्यांसाठी ठेवलेत."

"तसं नाही हो. म्हणजे तसंच, पण मनाला लावून घेऊ नका."

"रंग कुणी निवडला?"

"यांनीच. बाबांचा आवडता रंग म्हणे. अमुकच दुकान, अमुकच निळा, दुसरा चालणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला कापडातलं काही कळलं!"

बाबांचा आवडता रंग हिरवा होता. स्टेशनमास्तर होते ते. लाल आणि हिरवा सोडून जगात तिसरा रंग आहे हे त्यांना मान्य नव्हतं. मॅडम मीटरने आपला तुकडा काखेत मारला आणि बाहेर पडली.

अदेलानी व्हरांड्यात भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. आवाज असा मऊ, की त्यावर झोप यावी.

"मावशी, बाबा गेले आणि तुमचा अयोचा जोडीदार गेला. खेळायचं तर मी आहे."

"तुला येतो?"

"बाबांनी शिकवला ना. पण मी लवकर कंटाळतो. बिया गोळा होईपर्यंत वाट बघत बसायची म्हणजे..."

"नाही, वाट बघायला तुला जमेल." मॅडम मीटर चहात फुंकर घालत म्हणाली. "आणि शुक्रवारीच उरकताय? एवढ्या मोठ्या माणसाला महिनाभर तरी शवागारात ठेवतात. मांडव, बँड, जावई परदेशातून येणार."

"बाबांना थाटमाट आवडायचा नाही." त्याने डोळे पुसले. "आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपवाल्याला नव्या वर्षाच्या आत जागेचं उत्तर हवंय. त्याला तरी किती ताटकळत ठेवायचं? बाबा नेहमी म्हणायचे, मी मेल्याशिवाय हे घर विकायचं नाही."

"आणि तू लहानपणापासून आज्ञाधारक."

अदेलानी लाजला. त्याला ती स्तुती वाटली.

गुरुवारी गल्लीतल्या शिंप्याने मॅडम मीटरला दुकानात हाक मारली. तो चिडला होता. "मॅडम, हे काय कापड आहे? अर्धं गडद, अर्धं फिकट! बरोबर मधोमध दुमड. झटकलं तर माझ्या मशीनवर किलोभर माती पडली. आणि तुमचं एकटीचं नाही. असे सहा तुकडे आलेत माझ्याकडे. ओकॉनचा तर सदरा एका रंगाचा झालाय, विजार दुसऱ्या."

मॅडम मीटरने कापड हातात घेतलं, दुमडीवर दुमडलं, आणि काउंटरवर पसरलं. मग कंबरेचा टेप काढून रुंदी मोजली. मापाचा आकडा तिने मंगळवारी छपरावर एकदा वाचला होता.

"जसं आहे तसंच शिव," ती म्हणाली. "उद्या सहाही जण घालूनच आले पाहिजेत."

५

शुक्रवारी अंगणात शवपेटी मधे, भोवती निळी माणसं. वाजंत्री हळू वाजत होती; फोटोवाल्याला सांगितलेलं तेवढं दुःख टिपून झालं, की ती जोरात वाजायला मोकळी होती. इन्स्पेक्टर दानलादी उझोला न्यायला वेळेआधी आले होते आणि जोलोफ भाताच्या दुसऱ्या ताटावर होते. यजमानांनी त्यांनाही पाच वार दिले होते, म्हणून तेही निळ्यात. भात उझोनेच शिजवला होता. "आरोपीच्या हाताला चव आहे," त्यांनी ओकॉनला सांगितलं.

"साहेब, तुमचा सदरा फिकट आणि विजार गडद का हो?" शेजारून मॅडम मीटरने विचारलं.

इन्स्पेक्टरांनी खाली बघितलं. मग ओकॉनकडे बघितलं. तोही तसाच. ढोलवाला तसाच, फोटोवाला तसाच, पाद्रीसाहेबांचा ड्रायव्हर तसाच. आणि समोर ही ठेंगणी बाई, पोलकं गडद, परकर फिकट.

"प्लॅस्टिकशिवाय कापड मिळालेले जरा पुढे या," मॅडम मीटर मोठ्याने म्हणाली. वाजंत्री थांबली. "आपण सहा जण. छपरावर पॅनेल किती? सहा. पाच वारांचं कापड मधोमध दुमडलं की एक पॅनेल तंतोतंत झाकतं. वरची घडी उन्हात विटते, खालची राहते गडद. अदेलानी, बाबांच्या पॅनेलवर तू तीन आठवडे आम्हांला वाळत घातलं होतंस."

"मावशी, तुम्हाला उन्हाचा त्रास होतोय," अदेलानी मऊपणे म्हणाला. "बाजारात कापड उन्हातच टांगलेलं असतं."

"टांगलेलं कापड उभ्या पट्ट्यांनी विटतं, दुमडीवर कापल्यासारखं नाही. बरं, रविवारी तू वर जाऊन काय बघितलंस?"

"धूळ. बोटभर. सगळ्यांना सांगितलंय मी."

"मंगळवारी मी बघितली. टाकीवर बोटभर, पॅनेलवर दोन दिवसांची. पाण्याचा ओघळ नाही, फडक्याचा फराटा नाही. रविवारी तू वर गेलास हे खरं. धूळ बघायला नाही, कापड काढायला. तुला वाटलं, धूळ म्हटलं की झालं. अरे, इबादानमध्ये डिसेंबरात एखादी वस्तू स्वच्छ असली तर लहान पोरसुद्धा विचारतं, ही झाकली होती का म्हणून!"

बिसोये नवऱ्याकडे बघत होती. "पण तीन आठवडे घरात लाइट होती की," ती म्हणाली.

"गल्लीची लाइट रोज चार-पाच तास यायची, बॅटरी तिच्यावर भरायची. तुमच्या घरात कधी आली, कधी गेली, तुम्हांला कळतं कुठे? ऊन बंद झालंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. खालून बघावं तर पॅनेल निळे आणि कापडही निळं. मग हा फक्त वाट बघत बसला, ट्रान्सफॉर्मर जळायची. आपल्या गल्लीत त्याला फार धीर लागत नाही. शुक्रवारी जळाला, रविवारी दुपारपर्यंत बॅटरी संपली. उझोला याने देवाकडे पाठवलं आणि वीस मिनिटं उशाशी बसून मशीनचं ओरडणं ऐकलं. ते थांबेपर्यंत."

पाद्रीसाहेबांनी बायबल मिटलं.

"आणि एवढं सगळं करून हे सहा तुकडे जाळायचे होते," मॅडम मीटर म्हणाली. "पण चांगलं कापड, नवं कोरं. याचा जीव होईना. म्हणून बायकोला त्याच दुकानातून तसलेच दीडशे मागवायला लावले आणि आपले सहा त्यात ढकलले. आमच्यासारख्यांच्या अंगावर. बाप मारायला धजला, साहेब, कापड जाळायला धजला नाही."

इन्स्पेक्टरांनी आपल्या विजारीची शिवण बघितली. पुरावा त्यांच्या कंबरेला नाडीने बांधलेला होता.

"हे सगळं तुमचं म्हणणं झालं," अदेलानी म्हणाला. त्याच्या आवाजातला मऊपणा आता थोडा विटला होता. "कापड बोलतं होय? कोर्टात सांगा, कापडाने सांगितलं म्हणून."

"कापड नाही. पण जिन्याखाली एक जण झोपलीय. रोज किती ऊन खाल्लं ते तिच्या पोटात लिहिलेलं असतं. धूळ असेल तर कमी. झाकलेलं असेल तर—"

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला काहीतरी धाडकन वाजलं आणि ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला.

"अप नेपाऽऽ!"

पहिली आरोळी कोपऱ्यावरून आली, मग घराघरांतून. अंगणातले दीडशे शोकाकुलही एका दमात ओरडले. तोंडाला सवय असते, त्याला मयत कळत नाही. बिसोयेही ओरडली आणि मग तिने तोंडावर हात दाबला. चार वर्षांत पहिल्यांदा बाबा ओगुनदेल्यांच्या घरातून आरोळी उठली.

उझो स्वयंपाकघरातून बाहेर आली, कमरेच्या फडक्याला हात पुसत. जिन्याखाली बॅटरीचा पडदा उजळला होता. तिने वाकून बघितलं, बटण दाबत मागे मागे गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, नर्स ताप वाचते तसं.

"शनिवार, सूर्याकडून शून्य. शुक्रवार, शून्य. गुरुवार, शून्य. बुधवार, शून्य..."

"धुळीतून थोडं तरी येतं," मॅडम मीटर इन्स्पेक्टरांना म्हणाली. "शून्य फक्त माणूस आणतो."

इन्स्पेक्टरांनी ताट खाली ठेवलं आणि अदेलानीच्या दंडाला धरलं. तेव्हाच वरच्या खोलीतून आवाज आला. एक छोटी टीं, मग घरघर, मग एकसारखा सुस्कारा. पाच दिवसांत कुणाला मशीनचं बटण बंद करायचं सुचलं नव्हतं. आता लाइट आली, तसं ते इमानाने सुरू झालं होतं. वर रिकाम्या पलंगावर नळीतून शुद्ध हवा सुटत होती. बाबा खाली पेटीत होते.

अंगणभर तो सुस्कारा ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

अदेलानीने इन्स्पेक्टरांचा हात झटकला, पण पळायला नव्हे. त्याला कानांवर हात ठेवायचे होते. "बंद करा ते!" तो किंचाळला. "कुणीतरी वर जा आणि बंद करा ते!"

उझो जिन्याकडे निघाली. मॅडम मीटरने तिला मनगटाला धरून थांबवलं.

"तू नको, बाळ, तुझी ड्युटी संपली," ती म्हणाली. "त्यालाच सांगा. त्याला जमतं."